बुडणाऱ्यांचा आवाज : यू-१५६ या जर्मन पाणबुडीची हकिकत



आठवीत शिकणाऱ्या एका मुलाचे पत्र आले आहे. त्याने टी.व्ही.वर पाणबुडीचा सिनेमा पाहिला. तो विचारतो, "पाणबुडीने जहाज बुडवल्यावर पाण्यात पडलेली माणसे ओरडत असतील. ते ओरडणे पाणबुडीतल्या लोकांना ऐकू येते का? आणि आले तर ते काय करतात?"

प्रश्न लहान मुलाचा आहे, पण मोठ्यांनाही गप्प करणारा आहे. त्याचे उत्तर दोन ओळींत देता येणार नाही. म्हणून या वेळच्या सदरात एका पाणबुडीची हकिकत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो. तिला वेगळे नाव नव्हते, फक्त नंबर होता : यू-१५६. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या जर्मनीने अशा शेकडो पाणबुड्या समुद्रात सोडल्या होत्या. इंग्लंडला जाणारे धान्य, तेल, लोखंड आणि सैनिक वाटेतच बुडवायचे, इंग्लंडला उपाशी मारायचे, हा त्यांचा हेतू होता.

पाणबुडी होती कशी?

यू-१५६ जर्मनीतल्या ब्रेमेन शहराच्या गोदीत बांधली गेली. मे १९४१ मध्ये ती पाण्यात उतरली आणि ४ सप्टेंबर १९४१ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ७७ मीटर, म्हणजे एस.टी.च्या सात गाड्या एकामागे एक लावल्या तर होईल तेवढी. पण माणसे ज्या लोखंडी नळकांड्यात राहत, त्याची रुंदी साडेचार मीटरही नव्हती. त्यात दोन मोठी डिझेल इंजिने, विजेच्या मोटारी, बॅटऱ्या, बावीस पाणतीर आणि पन्नासच्या वर माणसे. एक पाणतीर सात मीटर लांब आणि दीड टनाचा. एकाच चाळीच्या खोलीत दोन पाळ्यांचे कामगार आलटून पालटून झोपतात, तसेच इथे होते. एक उठला की त्याच्या गरम अंथरुणात दुसरा पडायचा. अंघोळ नाही. निघताना पाव, बटाटे, मांस जागा मिळेल तिथे कोंबलेले असे. हळूहळू सगळ्याला डिझेलचा वास लागे.

पुष्कळांना वाटते की पाणबुडी नेहमी पाण्याखालीच असते. त्या काळी तसे नव्हते. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ती बहुतेक वेळ पाण्यावरच चाले. धोका आला की बुडी मारायची आणि बॅटरीवर हळूहळू सरकायचे. बॅटरी संपत आली की पुन्हा वर. रात्री तर ती पाण्यावर राहूनच हल्ला करी. कप्तान वरच्या बुरुजावर उघड्यावर उभा असे. म्हणजे आपल्या छोट्या वाचकाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे की, हो, ओरडणे ऐकू येत असे. निदान वर उभ्या असलेल्यांना तरी येत असे.

या पाणबुडीचा कप्तान वेर्नर हार्टेनस्टाइन. पाणबुडी ताब्यात आली तेव्हा वय तेहतीस. शेवटपर्यंत तोच तिचा कप्तान राहिला.

आरुबाची रात्र

जानेवारी १९४२ मध्ये यू-१५६ फ्रान्सच्या लोरिआं बंदरातून निघाली आणि अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियन समुद्रात गेली. तिथे आरुबा नावाचे छोटे बेट आहे. बेट लहान, पण त्यावरचा तेल शुद्धीकरणाचा कारखाना जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. दोस्त राष्ट्रांच्या विमानांचे आणि मोटारींचे बरेचसे इंधन तिथून येई.

१६ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे हार्टेनस्टाइनने बंदराजवळच्या तेलवाहू जहाजांवर पाणतीर सोडले. समुद्रावर तेल पेटले. त्या जहाजांवरचे खलाशी जळत्या तेलात मेले. नंतर त्याने कारखान्यावर तोफ डागायचा हुकूम दिला. तोफेच्या नळीत समुद्राचे पाणी जाऊ नये म्हणून तोंडाला बूच लावलेले असते. घाईत ते काढायचे राहिले. पहिलाच गोळा नळीत फुटला. तोफेवरचा एक खलाशी मेला आणि एका अधिकाऱ्याचा पाय गेला. त्या अधिकाऱ्याला पुढे मार्टिनिक बेटावर उतरवावे लागले. कारखाना वाचला.

यंत्रावर काम करणाऱ्या आपल्या वाचकांना पुढची गोष्ट विशेष वाटेल. खलाशांनी हॅकसॉने ती फाटलेली पोलादी नळी कापून आखूड केली आणि पाणतीर संपल्यावर त्याच आखूड तोफेने आणखी दोन जहाजे बुडवली. चिकाटी म्हणावी तर ही चिकाटीच. पण ती कशाच्या कामी आली, तेही पाहिले पाहिजे.

एप्रिल ते जुलै १९४२ च्या सफरीत या पाणबुडीने त्याच भागात दहाच्या वर जहाजे बुडवली. ऑगस्टमध्ये ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे निघाली. वाटेत २७ ऑगस्टला तिने 'क्लॅन मॅकव्हर्टर' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवले. या क्लॅन कंपनीच्या जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी कामाला असत. तेव्हाच्या ब्रिटिश जहाजांच्या बॉयलरसमोर कोळसा टाकणाऱ्यांत आणि डेक धुणाऱ्यांत आपल्या रत्नागिरीचे, गोव्याचे आणि बंगालकडचे हजारो लोक होते. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी आणि राहायची जागा अडचणीची. पाणतीर बहुधा इंजिनाच्या भागावर लागे, आणि खाली काम करणाऱ्याला वर यायला सर्वांत कमी वेळ मिळे. या युद्धात असे हजारो हिंदी खलाशी समुद्रात गेले.

लॅकोनिया

१२ सप्टेंबर १९४२. दक्षिण अटलांटिक, असेन्शन बेटाच्या ईशान्येला, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर. यू-१५६ ला एक मोठे जहाज दिसले. त्याचे नाव 'लॅकोनिया'. मूळचे ते कुनार्ड कंपनीचे प्रवासी जहाज, जवळजवळ वीस हजार टनांचे. युद्धात त्यावर तोफा बसवल्या होत्या आणि ते दिवे विझवून चालले होते. युद्धाच्या नियमाने असे जहाज शत्रूचे लक्ष्य ठरत होते. रात्री दहा वाजून गेल्यावर हार्टेनस्टाइनने दोन पाणतीर सोडले. दोन्ही लागले.

त्या जहाजात कोण होते, हे त्याला माहीत नव्हते. जहाज सुएझहून आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला चालले होते. त्यावर सुमारे २७०० माणसे होती. ब्रिटिश सैनिक, खलाशी, घरी परतणाऱ्या बायका आणि लहान मुले. आणि जहाजाच्या पोटातल्या कोठारांत गज लावून कोंडलेले सुमारे १८०० इटालियन युद्धकैदी. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पकडलेले हे साधे शिपाई होते. त्यांच्यावर पहारा पोलिश सैनिकांचा होता.

पाणतीर लागले ते याच कोठारांच्या बाजूला. शेकडो कैदी जागच्या जागी मेले. पाणी आत घुसू लागले, दिवे गेले, तरी उरलेल्या कोठारांची दारे उघडली गेली नाहीत. पहारेकऱ्यांना हुकूम होता की कैदी बाहेर येता कामा नयेत. काही कैद्यांनी शरीराच्या जोरावर गज मोडले आणि ते वर आले. वर जहाज एका बाजूला कलल्याने पुष्कळ होड्या सोडता येत नव्हत्या. होडीकडे आलेल्या कैद्यांना संगिनी दाखवून मागे लोटल्याचे आणि भोसकल्याचे वाचलेल्या लोकांनी पुढे सांगितले. कुलूप घालणारा माणूस जात्या क्रूर असेलच असे नाही. त्याला हुकूम होता. तो हुकूम देणारा कोठारापासून लांब होता, आणि जहाज बुडत असताना तो बदलायला कोणी आले नाही.

तासाभरात लॅकोनिया बुडाले. त्याचा कप्तान रुडॉल्फ शार्प जहाजाबरोबरच गेला.

जहाजाचा कप्तान आणि मुख्य इंजिनिअर यांना कैद करावे म्हणून हार्टेनस्टाइन पाणबुडी जवळ घेऊन आला. काळोखात पाण्यातून आवाज येत होते. मदतीची हाक होती, पण भाषा इंग्रजी नव्हती, इटालियन होती. इटली म्हणजे जर्मनीचा मित्रदेश! आपण आपल्याच दोस्तांना बुडवले, हे त्याच्या लक्षात आले.

त्याने माणसे वर ओढायला सुरुवात केली. आधी इटालियन. पण काळोखात हात कोणाचा आहे हे बघत बसता येत नाही. थोड्याच वेळात इंग्रज, पोलिश, बायका, मुले, जो सापडेल त्याला खलाशी वर घेऊ लागले. सकाळपर्यंत जवळजवळ दोनशे माणसे त्या अरुंद नळकांड्यात आणि वरच्या डेकवर होती. पाण्यात शार्क मासे होते, पुष्कळांना चावे बसले होते. खलाशांनी आपली अंथरुणे बायकांना आणि जखमींना दिली. गरम सूप आणि कॉफी वाटली. चार होड्या दोरांनी मागे बांधल्या.

१३ तारखेच्या सकाळी हार्टेनस्टाइनने एक गोष्ट केली, ती कोणत्याही पाणबुडीच्या कप्तानाने क्वचितच केली असेल. सांकेतिक भाषा बाजूला ठेवून त्याने सरळ इंग्रजीत, सगळ्या जगाला ऐकू जाईल असा बिनतारी संदेश पाठवला. आपण कुठे आहोत ते ठिकाण सांगितले. लॅकोनियाच्या लोकांना मदत करायला जे जहाज येईल त्यावर मी हल्ला करणार नाही, मात्र माझ्यावर जहाजाने किंवा विमानाने हल्ला होता कामा नये, असे कळवले. पाणबुडीचे सारे बळ लपण्यात असते. ते बळ त्याने आपणहून सोडले. ब्रिटिशांना मात्र हा जर्मनांचा डाव वाटला.

पाणबुडी दलाचा प्रमुख अ‍ॅडमिरल कार्ल डोनित्झ याने सुरुवातीला या कामाला मान्यता दिली. यू-५०६ आणि यू-५०७ या दोन जर्मन पाणबुड्या आणि 'कॅपेलिनी' ही इटालियन पाणबुडी मदतीला निघाली. पश्चिम आफ्रिकेतल्या बंदरांतून फ्रेंच जहाजेही निघाली.

विमान

१६ सप्टेंबरच्या सकाळी एक अमेरिकन लिबरेटर विमान आले. असेन्शन बेटावर अमेरिकनांनी गुप्त विमानतळ बांधला होता, तिथून ते आले होते. हार्टेनस्टाइनने तोफेपाशी पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस काढलेला मोठा झेंडा पसरला. पाणबुडीवरच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने विमानाला दिव्याच्या उघडझापीने कळवले की इथे लॅकोनियाची वाचलेली माणसे आहेत, त्यात बायका आणि मुले आहेत.

वैमानिकाने बेटावर विचारले, काय करू? तिथल्या अधिकाऱ्याला भीती होती की पाणबुडीला विमानतळ सापडला तर ती त्यावर आणि रसद आणणाऱ्या जहाजांवर हल्ला करील. त्याने हुकूम दिला : पाणबुडी बुडवा.

दुपारी विमान परत आले आणि त्याने बॉम्ब टाकले. एक बॉम्ब मागे बांधलेल्या होड्यांत पडला. तीन दिवस जगलेली माणसे तिथेच मेली. पाणबुडीचेही नुकसान झाले. हार्टेनस्टाइनने दोर तोडले, वरच्या सगळ्यांना पाण्यात उतरायला सांगितले, इंग्रजांना आणि इटालियनांनाही, आणि बुडी मारली. ज्यांना त्याने पाण्यातून काढले होते त्यांनाच पुन्हा पाण्यात सोडावे लागले. दुसऱ्या दिवशी यू-५०६ वरही विमानाने हल्ला केला. तिच्या आत वाचवलेली शंभरावर माणसे होती, पण ती वेळेवर खाली गेल्याने बचावली.

फ्रेंच जहाजांनी १७ तारखेपासून होड्या शोधून माणसे उचलली. सुमारे ११०० माणसे वाचली, सुमारे १६०० मेली. मेलेल्यांत बहुतेक कोठारांत कोंडलेले इटालियन कैदी होते.

दोन होड्या फ्रेंच जहाजांना सापडल्याच नाहीत. एकीत ६८ माणसे होती. ती २७ दिवसांनी लायबेरियाच्या किनाऱ्याला लागली तेव्हा १६ जिवंत होती. त्यांत डोरिस हॉकिन्स नावाची इंग्रज परिचारिका होती. ती एका लहान बाळाला सांभाळून घरी नेत होती. पहिल्याच रात्री होडी उलटली आणि ते बाळ तिच्या हातून गेले. युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, तिने आपली हकिकत छापली. पाणबुडीवरच्या जर्मनांनी आम्हांला माणुसकीने वागवले, हे तिने त्या काळातही लपवले नाही. दुसरी होडी चाळीस दिवसांनी एका ब्रिटिश जहाजाला सापडली. तिच्यात पन्नासच्या वर माणसे होती, उरली होती चार.

एक आदेश

१७ सप्टेंबर १९४२ रोजी डोनित्झने सर्व पाणबुड्यांना आदेश पाठवला. इतिहासात तो 'लॅकोनिया आदेश' म्हणून ओळखला जातो. बुडालेल्या जहाजांच्या माणसांना वाचवायचा प्रयत्न करायचा नाही. पाण्यातून उचलायचे नाही, उलटलेली होडी सरळ करायची नाही, अन्नपाणी द्यायचे नाही. कठोर व्हा, असे त्यात होते. म्हणजे तोवर काही कप्तान जे थोडेफार करत होते, पावाचा डबा देत होते, किनारा कोणत्या दिशेला आहे ते सांगत होते, तेही बंद.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हार्टेनस्टाइनला साधुसंत करण्याचे कारण नाही. तो हिटलरच्या आरमाराचा अधिकारी होता. लॅकोनिया त्यानेच बुडवले. बॉम्बहल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी, १९ सप्टेंबरला, त्याने 'क्वेबेक सिटी' हे आणखी एक ब्रिटिश जहाज बुडवले. ज्या राजवटीसाठी तो लढत होता ती राजवट त्याच वर्षी लाखो ज्यूंना गॅसच्या कोठड्यांत मारत होती. चार दिवसांच्या माणुसकीने हे पुसले जात नाही. पण त्या चार दिवसांत शेकडो जीव वाचले, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत.

यू-१५६ नोव्हेंबर १९४२ मध्ये बंदरात परतली. जानेवारी १९४३ मध्ये ती पुन्हा निघाली. ८ मार्च १९४३ रोजी बार्बाडोस बेटाच्या पूर्वेला एका अमेरिकन कॅटलिना विमानाने तिला गाठले. बॉम्बने पाणबुडी फुटली. काही माणसे पाण्यात धडपडताना वैमानिकांना दिसली. त्यांनी विमानातून रबरी तराफा टाकला. काही जण त्यावर चढलेही. पण नंतर शोधायला गेलेल्या जहाजाला कोणी सापडले नाही. कप्तानासह सर्व ५३ माणसे गेली. पाच सफरींत या पाणबुडीने वीस जहाजे बुडवली होती.

जर्मनीच्या पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी तीन चतुर्थांश परत आली नाहीत. त्यांनी बुडवलेल्या जहाजांवरचे हजारो खलाशीही परत आले नाहीत.

न्यायालयात

युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. डोनित्झ त्यात आरोपी होता. हिटलरने मरण्यापूर्वी त्यालाच आपला वारस नेमले होते. लॅकोनिया आदेश पुराव्यात आला. १९४६ च्या निकालात न्यायाधीशांनी म्हटले की बुडणाऱ्यांना ठार मारा असा हुकूम त्याने दिल्याचे निश्चित सिद्ध होत नाही, पण आदेश संदिग्ध होते आणि कडक निषेधास पात्र आहेत. अमेरिकेचा अ‍ॅडमिरल निमित्झ याने लेखी उत्तरात मान्य केले की पॅसिफिक महासागरात अमेरिकेनेही पहिल्या दिवसापासून इशारा न देता जहाजे बुडवली. म्हणून पाणबुडी युद्धाचे नियम मोडल्याबद्दल डोनित्झला शिक्षा दिली गेली नाही. इतर गुन्ह्यांसाठी त्याला दहा वर्षे झाली. झेंड्यावर बॉम्ब टाकायचा हुकूम देणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यावर कधी खटला झाला नाही. कोठाराच्या कुलपाबद्दलही कोणाला शिक्षा झाली नाही. जिंकलेल्यांना जाब विचारायला न्यायालय नव्हते.

तरी काही झालेच नाही असे नाही. १९४९ मध्ये जिनिव्हाला चार करार झाले. त्यांतला दुसरा करार समुद्रावरच्या जखमी, आजारी आणि बुडणाऱ्या लोकांसाठी आहे. प्रत्येक चकमकीनंतर, शक्य तितके आणि विलंब न लावता, बुडणाऱ्यांना शोधून उचलणे हे लढणाऱ्या दोन्ही बाजूंचे कर्तव्य आहे, असे त्यात लिहिले आहे. भारतानेही तो करार मान्य केला आहे.

आता आपल्या छोट्या वाचकाच्या प्रश्नाकडे परत येऊ. बाळा, ओरडणे ऐकू येते. यू-१५६ वरच्या खलाशांना ते ऐकू आले आणि त्यांनी हात पुढे केला. असेन्शन बेटावरच्या अधिकाऱ्याला ते ऐकू येत नव्हते, त्याच्यासमोर फक्त नकाशा होता. डोनित्झच्या कचेरीतही ते ऐकू येत नव्हते. मोठे हुकूम बहुधा अशाच ठिकाणी बसून काढले जातात, जिथे आवाज पोचत नाही. आणि ते अमलात आणायला मात्र तो माणूस असतो, ज्याच्या कानावर आवाज पडतो. कुलपाची किल्ली त्याच्याच हातात असते.

तू मोठा होऊन शिपाई हो, पोलीस हो, कारखान्यात मुकादम हो किंवा कचेरीत साहेब हो. कधीतरी तुझ्याही हातात अशी एखादी किल्ली येईल. तेव्हा लॅकोनियाच्या कोठाराची आठवण ठेव. आणि वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, ही हकिकत जेवणानंतर घरात मोठ्याने वाचा आणि मुलांना विचारा : तू त्या दारापाशी पहाऱ्यावर असतास तर काय केले असतेस? मुले काय उत्तर देतात, ते आम्हांलाही कळवा.